अरुंद पाणी आणि तिसरे जहाज



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या कप्तानसाहेबांनी हयातभर दुसऱ्यांची जहाजे बंदरात आणली आणि बंदराबाहेर काढून दिली. पायलटचे काम नीट पार पडले तर त्याची बातमी होत नाही. त्यांचे गुणगान करणारे इथे माझ्यापेक्षा अधिकारी लोक बसले आहेत. मी त्यांच्या धंद्यातल्याच एका प्रश्नावर बोलणार आहे. अरुंद चॅनेलमध्ये दोन जहाजे समोरासमोर आली तर कोणी कोणाला वाट द्यायची?

मागच्या रांगांमध्ये बोटी चालवणारी बरीच तांडेल मंडळी दिसत आहेत. त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे, निदान हाताला तरी ठाऊक आहे. पुढच्या रांगांमधल्या मंडळींना प्रश्नच थोडा चमत्कारिक वाटेल. एवढा समुद्र पडला आहे, वाट कसली अडते? गेटवेपाशी उभे राहिले की मुंबईचे बंदर डोळ्यांत मावत नाही हे खरेच आहे. पण ते रुंदीचे पाणी वरवरचे. मोठ्या जहाजाला लागते ती खोली, आणि ती मिळते गाळ काढून राखलेल्या एका पट्ट्यात. त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, असतात. बाहेरून आत येताना आपल्याकडे लाल बोये डाव्या हाताला, हिरवे उजव्या हाताला. बोयापलीकडे पाणी दिसते, होडी तरंगते, मूल पोहते, पण पाण्यात बारा-चौदा मीटर खोल बसणारे जहाज तिथे गेले की रुतते. अरुंद पाणी कोणते, हे जो तो आपल्या तळाच्या मापाने ठरवतो.

आता नियम. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 15 जुलै 1977 पासून लागू झाले. त्यांतला नववा नियम अरुंद चॅनेलचा. त्याचे पहिलेच कलम सांगते की, चॅनेलमधून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने, सुरक्षित आणि शक्य असेल तितके, आपल्या उजव्या हाताच्या कडेला धरून चालावे. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, पाण्यात जगभर उजवीकडून. समोरचाही त्याच्या उजवीकडे राहिला की दोघे एकमेकांना डाव्या बाजूला ठेवून निघून जातात. रात्री समोरच्याचा लाल दिवा दिसत राहिला तर सगळे ठीक चालले आहे असे समजायचे, कारण लाल दिवा जहाजाच्या डाव्या अंगाला असतो.

हे कलम दिसायला इतके साधे आहे की त्यावर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. पण नियम मोडतो तो बहुतेक वेळा उर्मटपणामुळे नाही. बहुतेक वेळा तो सौजन्यापोटी मोडतो. दोन जहाजे आपसांत ठरवतात, बरे आहे, तू तिकडून जा, मी इकडून जातो. दोघांचे भागते. त्या दोघांच्या मागे तिसरे जहाज येत असते आणि त्याला या कराराचा पत्ता नसतो. आजचे माझे सगळे बोलणे या तिसऱ्या जहाजाबद्दल आहे.

त्यासाठी तुम्हाला कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात न्यावे लागेल, 6 डिसेंबर 1917 च्या सकाळी. पहिले महायुद्ध चालू होते. हॅलिफॅक्सला आतल्या बाजूला बेडफर्ड बेसिन नावाचा मोठा सुरक्षित जलाशय आहे. तो आणि बाहेरचे बंदर यांना जोडणारा पाण्याचा चिंचोळा भाग, त्याला तिथले लोक नॅरोजच म्हणतात. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने बंदराच्या तोंडावर जाळी लावलेली असत आणि रात्री ती बंद होत. इमो नावाचे नॉर्वेचे रिकामे जहाज, बेल्जियमच्या मदतकार्यासाठी न्यूयॉर्कला माल भरायला जाणारे, आदल्या दिवशीच निघायचे होते. कोळसा उशिरा आला, तोवर जाळी बंद झाली, इमो आत अडकले. त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कहून आलेले माँ-ब्लाँ हे फ्रेंच जहाज उशीर झाला म्हणून बाहेर अडकले. माँ-ब्लाँच्या पोटात सुमारे 2,300 टन पिक्रिक आम्ल, सुमारे 200 टन टीएनटी, शिवाय गनकॉटन, आणि डेकवर पिंपांमध्ये बेंझॉल. स्फोटके आहेत हे सांगणारा लाल बावटा त्यावर नव्हता. युद्धात तो लावणे म्हणजे शत्रूला पत्ता देणे.

सकाळी दोघेही निघाले. इमोला घाई होती. नॅरोजमध्ये त्याच्यासमोर पहिल्यांदा आले क्लारा नावाचे एक अमेरिकी मालवाहू जहाज, आणि ते चुकीच्या बाजूने येत होते. भोंग्यांची देवाणघेवाण झाली. दोघांच्या पायलटांनी ठरवले की आपण उजव्या अंगाला उजवे अंग ठेवून जाऊ. गेले. काहीही झाले नाही. मग मधोमध येणारी स्टेला मॅरिस ही टगबोट दिसली. इमोचा वेग पाहून तिने पश्चिम किनारा जवळ केला. अंगावर येणाऱ्याला जागा करून देणे हेही सौजन्यच. पण आता इमोला स्वतःच्या उजव्या बाजूला परतायला वाव राहिला नाही. ते डार्टमथच्या, म्हणजे त्याच्या डाव्या हाताच्या किनाऱ्याकडे तसेच पुढे चालत राहिले. दोन वेळा वाट बदलली, दोन्ही वेळा निभावले. आणि समोरून, आपल्या योग्य बाजूने, डार्टमथचा किनारा धरून, माँ-ब्लाँ येत होते.

माँ-ब्लाँने एक आखूड भोंगा दिला: मी उजवीकडे वळतो आहे. इमोने दोन दिले: मी डावीकडे. माँ-ब्लाँने पुन्हा एक दिला. इमोने पुन्हा दोन. दोघांचे नियम एक, भोंग्याची भाषा एक, दोघांच्याही ब्रिजवर बंदरातले अनुभवी पायलट, फ्रान्सिस मॅकी आणि विल्यम हेज. तरीही दोघे परस्परविरुद्ध गोष्टी सांगत एकमेकांच्या जवळ येत राहिले. शेवटच्या क्षणी माँ-ब्लाँने सुकाणू डावीकडे मारले. क्षणभर जहाजे समांतर झाली, कदाचित निसटलीही असती. पण त्याच वेळी इमोने तीन भोंगे देऊन इंजिन उलटे फिरवले. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. उजवीकडे फिरणारा एकच पंखा असलेले जहाज उलट्या इंजिनावर घेतले की त्याची शेपटी डावीकडे सरकते आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, उजवीकडे झुकते. इमो रिकामे होते, पंखा अर्धवट वर आलेला. नाळ वळली आणि माँ-ब्लाँच्या पहिल्या फाळक्यात, म्हणजे मालाच्या कप्प्यात, घुसली.

त्या वेळी पावणेनऊ वाजत आले होते. धडक मोठी नव्हती. पण बेंझॉलची पिंपे फुटली, लोखंडावर लोखंड घासून ठिणग्या उडाल्या आणि जहाज पेटले. माँ-ब्लाँचे खलाशी बोटींत बसून डार्टमथकडे वल्हवत सुटले, आणि जळते जहाज वाहत वाहत रिचमंड वस्तीच्या सहा नंबरच्या धक्क्याला लागले. लोक आग पाहायला खिडक्यांशी जमले. नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला. सुमारे 1,800 माणसे मेली, 9,000 जखमी झाली. फुटलेल्या तावदानांच्या काचांनी शेकडो लोकांचे डोळे गेले. माँ-ब्लाँच्या नांगराचा अर्ध्या टनाहून जड दांडा दोन मैलांपलीकडे जाऊन पडला, आणि तो आजही तिथे ठेवलेला आहे. दुसऱ्या दिवशी बर्फाचे वादळ आले. बॉस्टनने मदतीची आगगाडी पाठवली. त्याची आठवण म्हणून नोव्हा स्कोशिया प्रांत आजही दर नाताळला बॉस्टनला एक मोठे झाड पाठवतो.

पहिल्या चौकशीने सगळा दोष माँ-ब्लाँवर टाकला. शहर चिडलेले होते, इमोचा कप्तान आणि पायलट दोघेही मेले होते, आणि फ्रेंच कप्तान व त्याचा पायलट मॅकी जिवंत होते. अशा वेळी दोष कोणाकडे वळतो हे सांगायला नको. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात मते फुटली. शेवटी 1920 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दोन्ही जहाजांना सारखेच दोषी धरले. योग्य बाजूला असणाऱ्यालाही. याचे कारण पुढे येईल.

मला मात्र त्या निकालातल्या दोषींत क्लारा कुठे दिसत नाही. क्लारा निघून गेली होती. तिचा आणि इमोचा करार दोघांपुरता उत्तम पार पडला होता. त्याची किंमत चुकती करायला जे जहाज आले ते त्या करारात नव्हते.

लंडनच्या थेम्स नदीवर हॅलिफॅक्सच्या आधी, 3 सप्टेंबर 1878 च्या संध्याकाळी, प्रिन्सेस ॲलिस ही सहलीची आगबोट बायवेल कॅसल या कोळशाच्या जहाजाशी टक्कर होऊन काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तिथे करार कोणी केला नव्हता. तिथे दोन रीती एकमेकींना भिडल्या. ओहोटीविरुद्ध वर जाणाऱ्या बोटी नदीच्या वळणावर टोकाच्या आडोशाचे संथ पाणी धरून जात. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती आणि इंधन वाचत होते. दुसरीकडे, डाव्या अंगाला डावे अंग ठेवून जाण्याचा लेखी नियमही नदीला होता. समोरचा कुठल्या रीतीने चालेल हे दोघांनाही ऐन वेळी ओळखावे लागले. आपल्या खाड्यांमध्येही अशा रीती आहेत, आणि वाईट म्हणण्यासारख्या त्या नाहीत. स्थानिक रीत जाणणारा तांडेल तिथले पाणी नकाशापेक्षा जास्त जाणतो. पण नकाशा पाहून पहिल्यांदाच आलेल्या परक्या जहाजाला ती ठाऊक नसते, आणि आता आपल्या खाड्यांत परकी जहाजेही येतात.

आता नवव्या नियमाच्या बाकीच्या कलमांकडे येतो, कारण खरी भांडणे तिथे आहेत. वीस मीटरपेक्षा लहान जहाजाने आणि शिडाच्या जहाजाने, जे जहाज चॅनेलबाहेर सुरक्षित जाऊच शकत नाही त्याची वाट अडवू नये. मासेमारी करणाऱ्या बोटीने चॅनेलमधून जाणाऱ्या कोणत्याच जहाजाची वाट अडवू नये. चॅनेल ओलांडणाऱ्याने आतल्या जहाजाला अडथळा होईल असे ओलांडू नये. आणि चॅनेलमध्ये, टाळता येत असेल तर, नांगर टाकू नये.

लोकांना वाटते की हे मोठ्यांच्या सोयीचे आहे. तसे नाही, हे घाटरस्त्यावरून सांगतो. आपल्या घाटात अरुंद जागी उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड. अमेरिकेतल्या मिसिसिपीसारख्या नद्यांवर नियम नेमका उलटा आहे. तिथे प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्याला अग्रक्रम, वर जाणाऱ्याने थांबायचे. मागून रेटणाऱ्या पाण्यावर स्वार झालेल्या जहाजाला थांबता येत नाही, आणि सुकाणूही नीट लागू होत नाही. दोन्ही ठिकाणी विचार एकच आहे. ज्याच्या हातात कमी आहे त्याला जाऊ द्या. जहाजाचा आकार नियमाला तेवढ्यापुरताच कळतो.

मोठ्या जहाजाच्या हातात किती कमी असते याची कल्पना किनाऱ्यावरून येत नाही. उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाज आणखी खाली बसते. तळाखालून पाणी जोरात धावते आणि तिथला दाब उतरतो. कडेच्या फार जवळ गेले तर शेपटी कडेकडे ओढली जाते आणि नाळ मध्याकडे ढकलली जाते, सुकाणूवरचा माणूस काहीही करो. दोन मोठी जहाजे जवळून गेली की आधी त्यांच्या नाळी एकमेकींना दूर ढकलतात आणि मग शेपट्या एकमेकींना खेचतात. इंजिन बंद केले म्हणून जहाज थांबत नाही, मोठे असेल तर ते दोनेक किलोमीटर पुढे जाऊनही अजून चालतच असते. म्हणून सुएझ कालव्यात जहाजे ताफ्यांत सोडतात आणि बहुतेक ठिकाणी समोरासमोर गाठच पडू देत नाहीत.

पण आता ते कलम, ज्यामुळे हॅलिफॅक्सचा निकाल मला योग्य वाटतो. ‘वाट अडवू नये’ याचा अर्थ समोरच्याला हवे तसे जायची मुभा मिळाली असा होत नाही. नियमावलीतच स्पष्ट आहे की ज्याची वाट अडवायची नाही त्या जहाजालाही, टक्कर होण्याची शक्यता दिसली की, बाकी सगळे नियम पाळणे बंधनकारक राहते. माझी बाजू बरोबर आहे, या भरवशावर सरळ जात राहणे हा गुन्हाच. समोरच्याचा इरादा कळत नसेल तर निदान पाच आखूड भोंगे झपाट्याने द्यावेत, आणि वेग उतरवावा. माँ-ब्लाँला इमोचे दोन भोंगे पहिल्यांदा ऐकू आले तेव्हाच इंजिन पूर्ण थांबवून मागे घेता आले असते. इमोलाही. प्रिव्ही कौन्सिलने दोघांना एका मापाने मोजले ते यामुळे.

मासेमारीच्या कलमावर थोडे थांबतो, कारण ते या किनाऱ्यावर सर्वांत जास्त बोचते. उघड्या समुद्रात जाळे टाकलेल्या मच्छीमार बोटीला इंजिनवरचे व्यापारी जहाज वाट देते, असा नियम आहे. चॅनेलमध्ये शिरले की तो उलटतो. कोळी बांधव विचारतात, डोल जाळ्यांच्या जागा आमच्या आजोबा-पणजोबांपासूनच्या, चॅनेल नंतर खोदले, मग अडवणारे आम्ही कसे? या प्रश्नाला नववा नियम उत्तर देत नाही आणि देऊही शकत नाही. त्याचे उत्तर बंदर बांधणाऱ्याने, सरकारने, नुकसानभरपाई ठरवणाऱ्याने द्यायचे आहे, आणि अनेक ठिकाणी ते नीट दिले गेलेले नाही असे माझे मत आहे. पण हा न्याय रात्री दोन वाजता जाळ्यावर बसून मागता येत नाही. समोर येणाऱ्या जहाजाच्या ब्रिजवरून, डेकवर रचलेल्या डब्यांच्या पलीकडे, शेकडो मीटरपर्यंतचे पाणी दिसतच नाही. तिथे तुमची बोट असली तर ती कोणाला माहीत नसते.

ओलांडण्याचे कलम गोव्यात पाहायला मिळते. मांडवीत रायबंदर ते चोडण फेरीबोट नदी आडवी ओलांडते, आणि लोहखनिजाने भरलेले बार्ज नदीतून खाली मुरगावकडे जातात. भरलेला बार्ज ओहोटीवर खाली येत असेल तर फेरीने थांबायचे. चार मिनिटांचा उशीर होतो आणि फेरीतले प्रवासी कुरकुरतात. पण बार्ज फेरीसाठी थांबू शकत नाही. मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात तर समोरासमोर आलेल्या दोघांना थोडेसे चुकायलाही जागा नाही.

आणि मुंबई. 7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी, न्हावा-शेवाहून बाहेर निघालेले एमएससी चित्रा हे कंटेनर जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारे खलिजिया-3 यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. चित्रावर सुमारे 1,200 कंटेनर होते. जहाज कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, त्यांत कीटकनाशकांचेही होते. शेकडो टन तेल सांडले, उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर काळा थर आला, कांदळवनात शिरला. कंटेनर तरंगत असल्याने दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. मुंबईत लोकांनी मासे खाणे सोडले आणि कोळणींच्या पाट्या तशाच राहिल्या. माणसे वाचली, हे नशीब. आज या घटनेतून मला एवढेच दाखवायचे आहे की तिथे दोन बंदरे आहेत आणि समुद्राकडचे तोंड एक. अशा जागी प्रत्येक जहाज कोणा ना कोणासाठी तिसरे जहाज असते.

शेवटी रेडिओबद्दल, कारण तो आता प्रत्येक ट्रॉलरवर आहे. हॅलिफॅक्सच्या दोघांकडे फक्त भोंगे होते, आपल्याकडे व्हीएचएफ रेडिओ आहे, मग बोलून ठरवले तर काय बिघडले? बिघडते ते असे. रात्री तुम्ही ‘पुढच्या जहाजा’ला बोलावता आणि उत्तर भलताच देतो. भाषा अर्धी कळते. बोलण्यात जे मिनिट जाते त्यात दोन जहाजे चारपाचशे मीटर जवळ आलेली असतात. आणि सगळे नीट कळले तरी, तुम्ही दोघांनी जे उलटे ठरवले ते मागून येणाऱ्याने ऐकलेले नसते. ब्रिटनच्या सागरी यंत्रणेने टक्कर टाळण्यासाठी व्हीएचएफवर विसंबू नका असा इशारा अधिकृत सूचनांमध्ये पुन्हा पुन्हा दिला आहे. रेडिओ वापरायचाच तर ‘मी नियमाप्रमाणे माझ्या उजव्या बाजूला आहे’ एवढे सांगायला वापरावा. नियमाबाहेरचा सौदा करायला नाही.

एक अपवाद नियमाने स्वतःच मान्य केला आहे. चॅनेलमध्ये मागून येऊन पुढच्याला मागे टाकायचे असेल आणि पुढच्याला बाजूला सरकावे लागणार असेल, तर त्याची संमती घ्यायची. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे तुझ्या उजव्या बाजूने जातो, दोन लांब आणि दोन आखूड म्हणजे डाव्या. पुढच्याला मान्य असेल तर तो लांब, आखूड, लांब, आखूड असे उत्तर देतो. हा करार भोंग्यावर का करायचा? कारण भोंगा आसपासच्या सगळ्यांना ऐकू येतो. वळणाच्या पलीकडे काय आहे हे दिसत नसेल तेव्हाही एक लांब भोंगा द्यावा लागतो, चार ते सहा सेकंदांचा, आणि पलीकडे कोणी असेल तर त्याने तसाच लांब भोंगा देऊन उत्तर द्यायचे.

इथे बसलेल्या नाखवा आणि तांडेल मंडळींकडे माझ्या तीन मागण्या आहेत. बंदरातून बाहेर पडताना, समोर कोणी नसतानाही, आपली उजवी कड धरा. सवय रिकाम्या पाण्यात लागते. चॅनेलमध्ये बोट थांबवून जाळे आवरू नका, बोयाबाहेर जाऊन आवरा. आणि बोटीवर भोंगा चालतो की नाही हे आज घरी जाण्याआधी धक्क्यावर जाऊन वाजवून पाहा. बंदर खात्याकडे मागणी एकच: मासेमारी बोटींच्या परवान्याबरोबर नववा नियम मराठीत छापून, चित्रांसह, प्रत्येक तांडेलाच्या हातात द्यावा. खर्च फार येत नाही. कप्तानसाहेबांच्या नावाने हे काम सुरू करायला या व्याख्यानमालेच्या मंडळाने पुढाकार घ्यावा, अशी विनंती करून मी थांबतो.